कांद्याला तडीपारी!

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर आधी दार लोटून घ्या, ही गोष्ट चौकात बोलण्यासारखी नाही. मंगळवार पेठेतल्या एका घरात यंदा वर्षाची चटणी दोन बरण्यांत भरली गेली. एक नेहमीची. दुसरी बिनकांद्याची, बिनलसणाची.

बरोबर वाचलंत. कोल्हापुरात, तेही पेठेत, कांदा-लसणाशिवाय चटणी!

बाहेरगावच्या वाचकांना यात एवढं काय, असं वाटेल. त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं चटणी म्हणजे ताटाच्या कडेचा ठिपका नव्हे. चैत्र-वैशाखात गच्चीवर मिरची वाळते, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी ठसक्याला. मग खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला भाजायचा, कांदा-लसूण घालायचा, सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं. पुढं वर्षभर आमटीपासून मटणापर्यंत एकही पातेलं या चटणीवाचून चुलीवरून उतरत नाही. सून घरात आली की दागिन्यांच्या आधी तिला चटणीची बरणी दाखवतात.

तर त्या दिवशी डंकावर रांग होती. डंकवाल्यानं पितळी डब्यात डोकावून पाहिलं आणि तो म्हणाला, ‘‘वैनी, लसूण इसरलासा काय?’’

वैनी रांगेकडं न बघता म्हणाल्या, ‘‘इसरलो न्हाई. आमच्या पोराचं पोट ऑनलाईन गेलंय.’’

रांगेत शांतता पसरली. डंक तेवढा चालू होता.

त्यानंतर आठ दिवसांत जी माहिती गोळा झाली ती अशी. पोरगा नोकरीला, घरातूनच कामाला. दोन वर्षं पोटात मुरडा, कधी जुलाब, कधी चार-चार दिवस काही नाही, आणि सदा फुगलेलं पोट. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, दुर्बीण घालून झाली. सगळे रिपोर्ट स्वच्छ. ‘‘रिपोर्ट नॉर्मल हाय म्हणजे नाटकं करतोय,’’ असा निकाल आत्यानं दिलेलाच होता. शेवटी डॉक्टरांनी नाव सांगितलं, आयबीएस. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतडं दिसायला ठणठणीत, वागायला चिडकं. ही काही डॉक्टरांची सबब नव्हे. आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी, असं तीन महिने, तीही शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या तऱ्हेशी जोडलेली, आणि सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची, असा आयबीएसचा रीतसर जाहीरनामा आहे. त्याला ‘रोम’ निकष म्हणतात, हे 2016 सालचे. म्हणजे दुखतं मंगळवार पेठेत आणि कायदा रोमचा!

आता चर्चा इथंच संपायची. औषध घेतलं असतं, इसबगोल घेतलं असतं, सगळं आपल्या जागी राहिलं असतं. पण पोरानं ऑनलाईन आहारवर्ग लावला. रात्री नऊला मोबाईलवर बाई येतात, पडद्यावर तक्ते दाखवतात, आणि गावोगावची चिडकी आतडी कानात बोंडं घालून वह्या भरतात. आणि पहिल्याच वर्गात बाईंनी आरोपी जाहीर केला.

कांदा.

आणि त्याचा साथीदार, लसूण.

सगळी पेठ इतकी वर्षं समजत होती की पोट बिघडवतं ते तिखट. पुण्याचा जावई मिसळ खाऊन आडवा झाला की आपण मिरचीकडं बोट दाखवून अभिमानानं हसायचो. आणि आता हे लोक सांगतात की या नव्या यादीत मिरचीचं नावच नाही! तिखटानं काहींचं पोट दुखतं हे खरं, पण तो वेगळा खटला. या यादीतले गुन्हेगार आहेत ‘फॉडमॅप’. हा शब्द 2005 साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचे पीटर गिब्सन आणि स्यू शेपर्ड यांनी मांडला. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरांच्या नावांची ती आद्याक्षरं आहेत. कांदा, लसूण आणि गव्हातले फ्रुक्टॅन, कडधान्यांतले गॅलॅक्टॅन, दुधातलं लॅक्टोज, आंबा आणि मधातलं जादा फ्रुक्टोज, फ्लॉवर आणि मशरूममधले पॉलिऑल.

यांचं काम फसवं आहे. आतड्यात जाताना हे पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या आतड्यात पोचले की तिथले जंतू यांच्यावर ताव मारतात. मग गॅस, मग ताण. फ्रुक्टॅन पचवायचं विकर तर कुठल्याच माणसाकडं नाही. पैलवानाकडं नाही, आमदाराकडंही नाही. म्हणजे गॅस सगळ्यांच्याच पोटात होतो. आयबीएसवाल्याच्या पोटाला तो मोठ्यानं ऐकू येतो, एवढंच.

हे कळल्यावर वर्गातल्या एका विद्यार्थ्यानं आपल्या गावाच्या मिसळीचं पोस्टमॉर्टेम केलं म्हणे. अहो, मिसळीचं! मोड आलेली मटकी: आरोपी. कांदा-लसणाचा कट: सराईत आरोपी. वरून पेरलेला कच्चा कांदा: घटनास्थळी रंगेहाथ. बेसनाची शेव: कडधान्याचीच भाचरं. आणि आमच्या मिसळीबरोबर पावाऐवजी येतात ते ब्रेडचे स्लाइस: गहू. एका प्लेटमध्ये अख्खी टोळी बसली होती आणि आपण वरून म्हणत होतो, ‘‘अजून जरा कट वाढा!’’ फडतरे मिसळीच्या दारातली रविवारची रांग या माणसानं गुन्हेगारीत बुडालेली पाहिली असेल. लिंबाची फोड तेवढी निर्दोष सुटली.

मिसळीनंतर तो मटणाकडं वळला, आणि इथं चर्चेला खरा रंग चढला. या गावात मटण हा खाण्याचा विषय कमी आणि नागरिकत्वाचा जास्त आहे. 2019 च्या अखेरीस मटणाच्या दरावरून इथं लोक रस्त्यावर उतरले होते. तर शास्त्र काय म्हणतं? मटणात पिष्ट नाही, साखर नाही, म्हणजे फॉडमॅप शून्य. मटण खुशाल खा. रस्सा मात्र नको!

आता सांगा, हा अपमान कुणी सहन करावा? आमच्याकडं ताटाचा धर्मच असा की मटणाच्या फोडी मोजून आणि तांबडा-पांढरा रस्सा पोटभर. तांबड्यात कांदा-लसूण, पांढऱ्यात काजू, आणि काजू तर फॉडमॅपचा खास माणूस. रस्सा मंडळाच्या, म्हणजे रानात जमून मटण शिजवणाऱ्या दोस्तांच्या, परवाच्या बैठकीत, चूल पेटलेली असताना, वैनींचा पोरगा हळूच म्हणाला, ‘‘भावा, मला नुसत्या फोडी वाढ. रस्सा नको.’’ ऐकणाऱ्यांना वाटलं पोरगं हुशार झालंय. आचाऱ्याला वाटलं पोरगं बिघडलंय. दोघांचं बरोबर होतं.

एका मावशीनं तेवढ्यात ऐकीव शास्त्र लावलं. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही, हे खरं आहे. म्हणूनच तेलात लसूण तळून काढून टाकला आणि नुसतं तेल वापरलं तर वास राहतो आणि त्रास जातो. ही युक्ती अस्सल आहे, करून बघा. मावशी म्हणाली, ‘‘मग रश्शावरची तर्री नुसतं त्याल हाय की! तर्री चालती!’’ दोन दिवसांत तीन पेठांत बातमी गेली की ऑस्ट्रेलियानं तर्रीला परवानगी दिली. दिली नाही हो. कांदा रश्शात शिजला की फ्रुक्टॅन रश्शात उतरतं, तर्रीबरोबर रस्सा येतोच, आणि वाटीभर तेल चिडक्या आतड्याला वेगळं डिवचतं. मावशीनं हे ऐकून फक्त मान हलवली. ज्ञान तिच्या हातून निसटलं होतं आणि आता ते गंगावेशीला पोचलं होतं.

गंगावेशीचं नाव निघालं म्हणून सांगतो. तिथला दूध कट्टा तुम्हाला माहीत असेल. संध्याकाळी म्हशी येतात, समोर धार काढतात, फेसाळ पेला हातात देतात. या जिल्ह्यानं 1963 साली ‘गोकुळ’ दूध संघ काढला, तालमीत पोरं दुधावर वाढवली. तर परवा कट्ट्यावर एक तरुण म्हणाला, ‘‘लॅक्टोज-फ्री हाय का?’’ म्हशीनं मान वळवून पाहिलं, असं प्रत्यक्षदर्शी सांगतात. आपल्याकडं मोठेपणी दुधातली साखर पचवायची ताकद बऱ्याच जणांची कमी होते. एका पेल्यात सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि चिडक्या पोटाला तेवढं एकदम पेलवत नाही. तुपात ते जवळजवळ नसतं. म्हणजे त्या पोरानं नुसता पेला अर्धा करून पाहिला असता तरी चाललं असतं. पण अर्धा पेला मागायचा कोल्हापुरात? त्यापेक्षा लॅक्टोज-फ्री मागणं कमी लाजिरवाणं.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढं आहे. लहान मुलांना बाहेर पाठवा.

या वर्गात रोज सकाळी आकडा कळवायचा असतो. इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी 1997 साली शौचाचे सात प्रकार पाडून तक्ता छापला: 1 म्हणजे शेळीच्या लेंड्या, 7 म्हणजे नुसतं पाणी, 3 आणि 4 म्हणजे सुखी माणसाचा सदरा. आता सकाळी साडेसातला पेठेत हाक येते, ‘‘काय, आज किती?’’ पूर्वी या प्रश्नाचा अर्थ दूध किती लिटर घातलं किंवा फुटबॉलला किती गोल झाले, असा होता. परवा एकानं रस्त्याच्या पलीकडून ओरडून सांगितलं, ‘‘चार!’’ आणि समोरच्या दुकानदारानं विचारलं, ‘‘कोण जिंकलं?’’ तसं बघितलं तर तोच जिंकला होता.

ही काही पहिली लाट नव्हे. आठवा, 2018 च्या सुमाराचा महाराष्ट्र दोन धर्मांत विभागला गेला होता, दीक्षित आणि दिवेकर. लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचाराचा धागा पकडून दिवसात दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. ऋजुता दिवेकरांचे अनुयायी दर दोन तासांनी थोडं थोडं खायचे आणि तुपाला घाबरायचे नाहीत. एकाच घरात सासू दीक्षित, सून दिवेकर, आणि स्वयंपाक दिवसातून नऊ वेळा. लग्नाच्या पंगतीत लोक जेवण्याऐवजी घड्याळ बघत होते. ती लाट वजनाची होती, त्यात निदान मिरवण्यासारखं काही होतं. आताची लाट पोटाच्या आतली आहे. आणि लोक तीसुद्धा मिरवायला लागलेत, ही खरी खळबळ! ज्या विषयावर आपण चार पिढ्या ‘‘पोट जरा बरं नाही’’ या चार शब्दांत भागवलं, त्याच्यावर आता फेसबुकला ‘‘काल मला फ्लेअर आला’’ असं लिहितात आणि खाली साठ जण हृदय लावतात.

भाषा तर हातातून गेलीच. ‘मुरडा आला’ म्हणत नाहीत, ‘ट्रिगर’ झालं म्हणतात. ‘पथ्य’ म्हणत नाहीत, ‘एलिमिनेशन फेज’ म्हणतात. एका आबांना नातवानं सांगितलं, ‘‘आबा, माझी एलिमिनेशन फेज चालू आहे.’’ आबा गंभीर झाले. त्यांना वाटलं पोरगं शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल स्पर्धेतून बाहेर पडलं.

बरं, आबांना पथ्य नवीन आहे का? अजिबात नाही. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी येते. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, पोटभर कांदा, आणि एकादशीपासून चातुर्मास लागला की कांदा-लसूण बंद, थेट कार्तिकी एकादशीपर्यंत. आता सगळीच घरं काही चातुर्मास पाळत नाहीत. पेठेतला आषाढ मटणाच्या वासानंच ओळखतात. पण श्रावण पाळणारी घरं पुष्कळ. आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांत पिढ्यान् पिढ्या कांदा-लसणाशिवाय हिंगाच्या फोडणीवर सुग्रास जेवण होतं. मंगळवार पेठेतल्या त्या वैनी शेवटी शेजारच्या जैन काकूंकडंच गेल्या. काकूंनी एका दुपारी सगळं दाखवलं: हिंग किती, खोबरं कसं भाजायचं, म्हणजे कांद्याची उणीव जाणवत नाही. फी घेतली नाही. वर लोणचं दिलं. त्यांच्या घरची डाळ आणि फ्लॉवर पोराच्या यादीत बसत नाहीत ती गोष्ट निराळी, पण बिनकांद्याच्या चटणीला चव आली ती त्या दुपारी.

आता थोडं खालच्या आवाजात, कारण इथून पुढं मी त्या पोराच्या बाजूनं बोलणार आहे आणि पेठेत हे कळलं तर माझी खैर नाही.

पोराचं पोट बरं झालंय.

तीन आठवड्यांत फुगणं कमी झालं, मुरडा थांबला, दोन वर्षांत पहिल्यांदा तो खासबागेत कुस्ती बघायला जाऊन मध्येच न उठता बसला. या पथ्यानं सगळ्यांना नाही, तरी बऱ्याच जणांना असा आराम पडतो. मोनॅशनं 2012 साली काढलेल्या ॲपमध्ये सिग्नलसारखे तीन रंग आहेत, आणि त्यात ज्वारीची भाकरी, भात, वांगं, गाजर, शेंगदाणे यांना जागा आहे. म्हणजे उपाशी मरायची वेळ नाही. रंग पदार्थाला नसतो, प्रमाणाला असतो, हे तेवढं रील बनवणारे सांगत नाहीत. कडक केळं हिरव्यात बसतं, तेच दोन दिवसांनी पिकून गोड झालं की लालकडं सरकतं.

पण मग चूक कुठं झाली? पोरगा चौथ्या महिन्यातही कांद्याला घाबरूनच बसलाय, तिथं झाली.

कारण हे पथ्य तीन पायऱ्यांचं आहे. पहिली: दोन ते सहा आठवडे सगळे आरोपी बाहेर. दुसरी: त्यांना एकेक करून परत बोलवायचं, आज थोडा कांदा, उद्या जरा जास्त, मग दुधाची पाळी, मग गव्हाची, आणि पोट काय म्हणतं ते वहीत लिहायचं. तिसरी: ज्यानं त्रास दिला त्याच्यापुरतं पथ्य, बाकीचे निर्दोष सोडून द्यायचे. बहुतेकांच्या पोटाला सगळी टोळी त्रास देतच नाही, दोन-तीनच देतात. आणि सगळ्यांना कायमचं बाहेर ठेवलं तर आतड्यातले चांगले जंतू उपाशी पडतात, कारण हेच त्यांचं खाणं. ऑनलाईन मात्र पहिल्याच पायरीचा बाजार आहे. ‘हे खाऊ नका’ची यादी एका चित्रात मावते, लगेच पुढं पाठवता येते. ‘कांदा परत कसा घालायचा’ हे सांगायला वेळ लागतो, माणूस लागतो, आणि त्याला साठ हृदयं मिळत नाहीत. त्या पोराच्या वर्गाची फी पहिल्या सहा आठवड्यांची होती. पुढच्या पायऱ्यांची फी वेगळी. ती त्यानं भरली नाही.

तिखट लागेल असा आणखी एक शोध सांगतो. स्वीडनमध्ये 2015 साली 75 आयबीएस रुग्णांच्या दोन फळ्या केल्या. एकीला फॉडमॅपचं पथ्य, दुसरीला जुना सल्ला: वेळेवर जेवा, थोडं थोडं जेवा, चावून खा, तेलकट, मसालेदार, चहा-कॉफी कमी करा. दोन्हीकडं साधारण निम्म्यांना आराम पडला, जवळपास सारखाच. म्हणजे ‘‘घास चावून खा रे, पळत कशाला जेवतोस’’ असं जे आजी फुकटात सांगत होती ते मोनॅशच्या तोडीचं निघालं. आता आजीला कुणी सांगू नका. ती ऑनलाईन वर्ग काढील.

तर निकाल ऐका. ऑनलाईन आहारवर्ग वाईट नाही. गावात पोटाचा आहारतज्ज्ञ शोधत फिरण्यापेक्षा मोबाईलवर भेटला तर बरंच. पण वर्गाआधी डॉक्टर. शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, रक्त कमी झालं असेल, रात्री झोपेतून पोटासाठी उठावं लागत असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हे सुरू झालं असेल, तर तो आयबीएस समजून यादी पाळत बसू नका. आणि गहू सोडणार असाल तर त्याआधी गव्हानं बळावणाऱ्या सिलिॲक आजाराची रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडून महिने झाले की त्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही.

आणि पथ्य सुरू करणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. आपल्या वाडवडलांनी कांदा सोडायचा दिवस ठरवला, तसा परत घ्यायचाही ठरवला. कार्तिकी एकादशी झाली की कांदा बिनबोभाट पातेल्यात. तेव्हा कांद्याला तडीपार करायचं असेल तर खुशाल करा, पण आधी कालनिर्णय काढा, सहा आठवडे पुढं मोजा आणि त्या चौकटीत लिहा: आज कांदा परत. वैनींनी ते आता लिहिलंय. दुसरी बरणी त्यांनी मुद्दाम लहान घेतली आहे.